वाळवंटाचा नकाशा



आषाढीसाठी आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे २५० किलोमीटरची वाट पायी चालून पंढरपुरात पोहोचतो. नदीपलीकडच्या ६५ एकर तळावर कित्येक दिंड्यांच्या राहुट्या पडतात. पुलावरून अलीकडे यावे, वाळवंटात उतरून चंद्रभागेचे स्नान करावे, भक्त पुंडलिकाचे दर्शन घ्यावे आणि महाद्वार घाट चढून मंदिराकडे जावे, हा परंपरेचा क्रम. या मार्गाचा गाभा म्हणजे वाळवंट. पण संगणकीय नकाशाच्या लेखी अशी मोकळी जागा ही पुष्कळदा वाटच नसते!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या दृष्टीने रस्ता म्हणजे एक रेघ. रेघांच्या जाळ्यातून जवळचा मार्ग तो क्षणात काढतो. मैदान, चौक, घाट, मंदिराचे प्रांगण येथे मात्र माणूस कोठूनही कोठेही जातो. अशी जागा नकाशात नुसती रंगवून ठेवली, तर संगणक पादचाऱ्याला कडेकडेने वळसा घालायला लावतो, नाही तर जागा अजिबात टाळतो. यावर उपाय आहे. जागेची हद्द, आत-बाहेर जाण्याची ठिकाणे आणि मधले अडथळे अचूक नोंदवावेत. मग जी ठिकाणे व कोपरे एकमेकांच्या सरळ दृष्टीच्या टप्प्यात येतात, ते काल्पनिक रेघांनी जोडले की मैदानातूनही मार्ग काढता येतो.

हा प्रश्न केवळ चार पावले वाचवण्याचा नाही. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. गर्दी दाटल्यावर जवळची मोकळी जागा कोणती, तेथून बाहेर पडण्याच्या वाटा किती, हे शोधायला सवड नसते. ती माहिती आधीच सिद्ध असावी लागते.

मात्र अर्धवट नकाशा नसलेल्या नकाशाहून घातक ठरेल. उजनी धरणातून पाणी सोडले, भीमेला पूर आला, की वाळवंट नाहीसे होते आणि जुना दगडी पूलही पाण्याखाली जातो. म्हणून जागेबरोबर तिचा काळही नोंदवला पाहिजे. हे ज्ञान उपग्रहाच्या छायाचित्रात नाही. ते घाटावरच्या नावाड्यापाशी, फुलवालीपाशी, दरवर्षी येणाऱ्या दिंडीच्या चालकापाशी आहे.

२००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमातून उभा राहिला. त्यात कोणालाही भर घालता येते. हे काम पैशाचे कमी आणि पायपिटीचे अधिक आहे. प्रत्येक गावातील चार तरुणांनी आपल्या यात्रेचे मैदान पायी फिरून, जाणत्यांना विचारून नोंदवले, तर हा ठेवा सहज उभा राहील.

संकट आल्यावर धावून जाणे ही सेवा आहेच. संकट येऊच नये म्हणून आधी वाट दाखवून ठेवणे, हीही तितकीच मोठी सेवा आहे.