नाकातलं सूत

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण नाक मुरडतील. मुरडा, हरकत नाही. विषय नाकाचाच आहे. लहान मुलं नाकात बोट घालतात, मेकूड काढतात, कधी भिंतीला पुसतात, कधी सदऱ्याला, आणि कधी तर सरळ तोंडात घालतात. आपण ‘शी! शी!’ करून ओरडतो. मूल बोट काढतं, आपली पाठ वळली की पुन्हा घालतं. घरोघरी हेच चालतं. तरी यावर कुणी कविता केली नाही, भाषणही केलं नाही. कविता मलाही जमली नाही, म्हणून भाषण करतो आहे.

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मुलीचा मुलगा, वय वर्षं पाच, दिवसभर आमच्याकडे असतो. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला ठाण्याला जातात, म्हणून तो नाना-नानीच्या ताब्यात. एका रविवारी माझे चार-पाच कविमित्र घरी जमले होते. चहा झाला, कविता झाल्या. नातवाला बालवाडीत एक बडबडगीत शिकवलं होतं. मी कौतुकानं त्याला मध्ये उभं केलं, म्हटलं, “म्हणून दाखव बेटा.” त्यानं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, तिसरी आठवेना. आठवता आठवता त्याचं बोट नाकात गेलं आणि चांगलं पेरभर आत गेलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “शी! घाणेरडा कुठला!”

पोरगं गप्प झालं. बोट काढलं, हात पाठीमागे लपवला आणि आत निघून गेलं. त्यानंतर कुणासमोर गाणं म्हणायला सांगितलं की तो मान हलवायचा. नाक कोरणं मात्र थांबलं नव्हतं. आता ते पलंगाखाली, दाराआड, पांघरुणात सुरू झालं.

मला त्या रात्री झोप आली नाही. कारण तो शब्द माझा नव्हता, उसना होता. १९७६ साली मी तिसरीत होतो. शाळा मराठी. आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक मुलं उर्दू शाळेत जायची, पण अब्बांच्या मनात आलं आणि त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. त्या शाळेनंच मला कविता दिली, हे आधी सांगायला हवं. पण त्याच शाळेत एकदा बोट नाकात असताना गुरुजींनी मला पकडलं. “शेंबड्या, घाणेरडा कुठला! ठेव तसंच!” असं म्हणून अख्खा तास मला वर्गासमोर नाकात बोट घालून उभं केलं. वर्ग हसत होता. पुढे कित्येक वर्षं वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. पन्नास वर्षांनी तोच शब्द माझ्या तोंडून माझ्याच नातवाला मिळाला.

आता गुरुजींना जे माहीत नव्हतं आणि मला माहीत असून मी विसरलो, ते सांगतो. मी भिवंडीचा. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. आमच्याकडे यंत्रमाग म्हणत नाहीत, साचे म्हणतात. १९८२ साली मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला आणि त्यानंतर इथले साचे आणखी वाढले, पण माझ्या लहानपणीही गल्लोगल्ली खटखट होतीच. अब्बा साच्यावर होते. आम्ही राहायचो साच्यांच्या शेडला लागून. भिंत एकच. धोटा इकडून तिकडे धावायचा तेव्हा आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. सुताला सायझिंगमध्ये खळ लावतात. विणताना ती वाळलेली खळ आणि सुताचं तूस हवेत उडतं. ते केसात बसतं, भुवयांवर बसतं, जाळीला लटकतं. मग ते नाकात बसणार नाही का? अब्बा पाळी संपवून घरी आले की मोरीवर बसून पहिल्यांदा नाक शिंकरायचे. निघायचं ते पांढरं असायचं. माझ्याही नाकातून तेच निघायचं. मी तिसरीच्या वर्गात नाकात बोट घातलं ते घाणेरडा होतो म्हणून नव्हे, आत काहीतरी टोचत होतं म्हणून.

नातवाच्या बाबतीत हे माझ्या ध्यानात आलं ते घोळणा फुटल्यावर. मे महिना होता. रात्री दोन वाजता पोरगं रडत उठलं, उशी लाल. त्याच्या नानीनं कांदा फोडून हुंगायला दिला, मी त्याची मान मागे टाकली. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. रक्त घशात उतरलं आणि पोराला ओकारी आली. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो तर तिथेही पुन्हा धार लागली. बाईंनी शांतपणे त्याला ताठ बसवलं, मान किंचित पुढे झुकवली आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरला. “दहा मिनिटं. मध्येच सोडून बघायचं नाही. तोंडानं श्वास घे बाळा.” आपल्याकडे म्हणतात, नाक दाबलं की तोंड उघडतं. तसंच झालं. बाईंनी विचारलं, “बोट का घालतोस रे?” मला वाटलं, मान खाली घालेल. पण तो गेंगाण्या आवाजात म्हणाला, “आत कापूस आहे. नाना ओरडतात, म्हणून मी रात्री काढतो.”

श्रोतेहो, इतकं साधं उत्तर होतं. पण प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. नाक म्हणजे नुसतं भोक नाही, ते गाळणं आहे. आतल्या ओलसर अस्तरावर धूळ, तंतू, जंतू चिकटतात. आतल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या हालचालीनं हा चिकट द्रव बहुतेक मागे घशाकडे ढकलला जातो आणि आपल्या नकळत गिळला जातो. नाकपुडीच्या तोंडाशी जो उरतो तो हवेनं वाळतो, त्याचं मेकूड होतं. हवा जितकी कोरडी आणि धुळीची, तितकं ते जास्त आणि टणक. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं अगदी वरवर असतं. नख लागलं की तिथून रक्त येतं, खपली धरते, खपली खाजते, बोट पुन्हा जातं. असं ते चक्र आहे. शिवाय बोटाचे जंतू नाकात आणि नाकाचे बोटावर. नखात जंतांची अंडी असली तर ती तोंडात.

पण सगळा दोष धुळीवर ढकलून मला सुटायचं नाही. त्याच मे महिन्यात नातू कोकणात, त्याच्या दादीच्या गावी गेला. तिथे साचे नाहीत. सवय अर्ध्यावर आली, गेली नाही. टीव्हीसमोर बसला की बोट वर, कंटाळा आला की बोट वर, गाणं आठवत नसलं की बोट वर. म्हणजे काही वेळा नाकात काहीतरी असतं आणि काही वेळा हातात काहीच नसतं.

आणि मोठ्यांचं काय? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन अंद्राडे आणि डॉ. बी. एस. श्रीहरी यांनी चार शाळांतल्या २०० किशोरवयीन मुलामुलींना याबद्दल विचारलं होतं. जवळजवळ सगळ्यांनी कबूल केलं, आणि दिवसाचं प्रमाण साधारण चार वेळांचं निघालं. या अभ्यासाला २००१ साली ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो हा पुरस्कार. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. मुलं श्रीमंतांची असोत की गरिबांची, सवयीत फरक आढळला नाही. शेंबडी पोरं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोपडपट्टीच येते, नाही का? बोटाला मात्र असला भेदभाव ठाऊक नाही. गाडीच्या काचा वर करून सिग्नलला थांबलेले साहेब पाहा, म्हणजे पटेल.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं. नमाजाआधी वजू करताना तीन वेळा नाकात पाणी घेऊन डाव्या हातानं नाक साफ करतात. योगाच्या षट्कर्मांत नेती आहे. तिच्या एका प्रकारात नाकात सूतच घालतात. भिवंडीत ते न घालताही जातं, ही गोष्ट वेगळी! सांगायचं एवढंच की नाक साफ करणं ही लाजेची गोष्ट नाही. ती कुठे, कशी आणि कशानं करायची, हे शिकवायचं असतं. आपण मुलाला दात घासायला शिकवतो, नाक शिंकरायला शिकवत नाही. नुसतं ओरडतो.

मग आम्ही घरात काय केलं, ते सांगतो. पहिलं म्हणजे मी नातवाची माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे,” आणि खेळायला गेला. दर जुम्म्याला नखं कापायची, त्याची आणि माझीही. सकाळी आंघोळीला आणि संध्याकाळी खेळून आल्यावर मोरीवर जायचं, बोटं ओली करून नाकपुड्या ओलावायच्या, मग एक नाकपुडी दाबून दुसरी हळूच शिंकरायची. जोर करायचा नाही, कानात दडा बसतो. मग साबणानं हात. बाईंच्या सांगण्यावरून झोपताना नाकपुडीच्या आतल्या कडेला अगदी थोडं व्हॅसलीन. एवढ्या लहान मुलाला जलनेती वगैरे करायला लावायची नाही, आणि मोठ्यांनीही करायची तर पाणी उकळून थंड केलेलंच हवं, हेही बाईंनी बजावलं. त्याच्या खिशात रुमाल, माझ्याही खिशात रुमाल. चारचौघांत बोट वर गेलं की मी काही बोलत नाही, नुसता माझा रुमाल काढतो. तो मोरीकडे जातो. हा आमच्या दोघांतला इशारा आहे, पाहुण्यांना कळत नाही. टीव्हीसमोर बसताना हातात रिकामी कांडी आणि सूत देतो. तो गुंडाळत बसतो.

बोटाला मिरची लावणं, हात बांधणं, चारचौघांत नाव ठेवणं, हे मात्र कृपा करून करू नका. मिरची डोळ्यात जाते आणि नाव मनात जातं. आणखी एक. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, वाटाणा, चिंचोका अडकलेला असू शकतो. घरी काडीनं कोरू नका, डॉक्टरकडे न्या. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल किंवा वरचेवर घोळणा फुटत असेल तरीही.

जाता जाता अब्बांबद्दल. शुक्रवारी साच्याला सुट्टी असायची. शनिवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळल्यासारखी व्हायची, मग आठवडाभरात थोडं बरं वाटायचं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या रोगाची सुरुवात अशीच होते, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त, हे मी फार उशिरा वाचलं. त्या रोगाला बायसिनोसिस म्हणतात. अब्बांना तोच होता का, कुणी तपासलं नाही. नाकानं अडवलं ते मोरीत गेलं, नाकातून सुटलं ते छातीत गेलं. म्हणून आता मला नातवाच्या नाकातलं सूत घाण वाटत नाही. त्याच्या छातीत जाता जाता राहिलेलं ते सूत आहे.

आमच्या खालच्या शेडच्या मालकांना जाऊन भेटलो. भले गृहस्थ आहेत. आता गल्लीच्या बाजूच्या खिडकीला ओलं गोणपाट असतं, आणि तूस झाडायचं काम मुलं शाळेत गेल्यावर, पाणी शिंपडून होतं. हवा काही महाबळेश्वरची झाली नाही. आणि आत आठ-दहा-बारा तास उभे राहणारे कामगार आहेत, त्यांच्या नाका-तोंडावर बांधायला अजूनही जुना रुमालच आहे. मुलाच्या बोटाला शिस्त लावणं सोपं आहे, त्यापुढचं काम मोठं आहे.

परवा पुन्हा मित्र जमले होते. मी नातवाला काही म्हटलं नाही. तो आपणहून मोरीवर गेला, नाक शिंकरल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, सगळे हसले, तोही हसला. मग येऊन मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, “नाना, ते बालवाडीतलं म्हणू का?” तिसऱ्या ओळीला तो पुन्हा अडखळला. या वेळी ती ओळ मी पुरवली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)