ताटातला लावा



मुंबईच्या खेतवाडीतला एक पोरगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही आपल्याला खायला चालते का, हे विचारायला तो मामांकडे गेला. मामा स्वतः शिकारी, पण त्यांनाही ती ओळखेना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. साल १९०८. तो पोरगा म्हणजे पुढं पक्षितज्ज्ञ झालेले डॉ. सलीम अली.

माझे मामाही शिकारीच होते. माझ्या हातून मात्र पुढं काही घडलं नाही, मी नुसता खात गेलो. सुगी झाली की मामा पहाटे माळावर जायचे आणि पिशवीतून चार लावे, एखादा तितर आणायचे. मामी पाट्यावर मसाला वाटायची. रस्सा लालभडक. खाताना दाताखाली कट्कन छर्रा लागला, की तो ताटाच्या कडेला ठेवायचा. ज्याचे छरे जास्त, तो जिंकला!

मामा चोरून काही करत नव्हते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा लावे-तितर 'लहान शिकार' या यादीत होते, रीतसर परवाना मिळत असे. ती वाट १९९१च्या दुरुस्तीनं बंद झाली. आता फासा लावणं ही शिकार, घरट्यातली अंडी फोडणं हीदेखील शिकार. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणखी एक कलम मला फार आवडतं: बेकायदा मारलेल्या पाखराचं मांस सरकारी मालमत्ता ठरतं. म्हणजे चोरट्या शिकारीचा लावा रश्शात पडला, तरी तो सरकारचाच!

मग हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर 'लावा मिळेल' अशा पाट्या कशा? तो जपानी लावा, कोंबडीसारखा पिंजऱ्यात वाढवलेला. पाचेक आठवड्यांत कापायला तयार होतो. तो खायला हरकत नाही. पण त्याच पाटीच्या आडून रानातला खपवणं किती सोपं! सोलून मसाल्यात घातल्यावर तुम्हीआम्ही काय ओळखणार? फाशात धरलेल्यात तर छर्राही सापडत नाही.

परवा अशाच एका ढाब्यावर बसलो होतो. वाढणाऱ्या पोराला विचारलं, "काय रे, फार्मचाच ना?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, जरा वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला कुठला पाहिजे?"