हिशेबात न धरलेली दुपार



या व्याख्यानमालेचा प्रघात असा, की ऊन उतरावे, पटांगणावर पाणी शिंपडून व्हावे, वाऱ्याची पहिली झुळूक यावी आणि मग श्रोत्यांनी जमावे. आणि ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे, तो मात्र या सुखसोयी जेथे संपतात तेथून सुरू होतो. ज्या प्रहरी आपण खिडक्या लावून घेऊन वामकुक्षी करतो, त्याच प्रहरी अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या रस्त्यावर, पारा पंचेचाळीस अंशांकडे चढत असता, एक मनुष्य पत्र्याच्या केबिनमध्ये तापलेल्या इंजिनाला खेटून बसलेला असतो. त्या मालमोटारीच्या चालकाविषयी मला बोलावयाचे आहे. मोटार वाहन निरीक्षक म्हणून ज्याची हयात गेली आणि एका दुपारी ज्याला आपल्या कर्तव्याचा अर्थ अपुरा समजला, अशा माणसाचे हे बोलणे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

ती दुपार मे महिन्यातली होती. विदर्भातील एका तपासणी नाक्यावर माझी नेमणूक असताना कोळशाने भरलेली एक गाडी आली. नोंदणीचे पुस्तक, योग्यतेचा दाखला, विमा, परवाना, सर्व दस्तऐवज मुदतीतले होते; काट्यावर वजनही मर्यादेतच भरले. चालक माझ्या प्रश्नांना अडखळत आणि किंचित असंबद्ध उत्तरे देत होता, हे मला जाणवले होते. परंतु कागद बिनचूक असल्यामुळे ते मी मनावर घेतले नाही, दप्तरात नोंद केली आणि गाडी सोडली. कोसभर पुढे ती रस्ता सोडून एका शेताच्या बांधाला जाऊन टेकली. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गृहस्थ चाकावर डोके टेकून बसला होता, अंग भट्टीसारखे तापलेले आणि कोरडे होते. त्याला बाभळीच्या सावलीत निजवले, अंगावर ओले कपडे टाकून वारा घातला, गाडी मिळवून रुग्णालयात पोहोचवले आणि तो वाचला. दोन दिवसांनी मी भेटावयास गेलो तेव्हा कळले, की घटनेच्या आदल्या दिवशी सकाळपासून तो खाणीबाहेरच्या रांगेत उभा होता. गाडी मी तपासली होती. गाडी चालविणारा मनुष्य तपासला नव्हता.

उष्माघाताचे स्वरूप वैद्यकशास्त्राने स्पष्ट सांगितले आहे. देहाचे आंतरिक तापमान साधारण सदतीस अंशांवर राखण्यासाठी शरीर घाम गाळते. पाणी आणि क्षार संपत आले, की ही व्यवस्था ढासळू लागते, आणि तापमान चाळीस अंशांच्या वर गेले, की पहिला आघात बुद्धीवर होतो. घात असा, की ज्याला हे होते त्याला ते कळत नाही. ज्या बुद्धीने धोका ओळखावयाचा तीच झाकोळलेली असते. म्हणून बरळणारा, वाट विसरणारा, विनाकारण चिडणारा चालक दिसला, तर सोबतच्या क्लीनरने, ढाबेवाल्याने किंवा नाक्यावरच्या शिपायाने त्याला गाडीतून उतरवावे, अंग भिजवून वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी मुळीच ओतू नये. पुष्कळ चालक पाणी मुद्दाम कमी पितात, हेही मला येथे सांगितले पाहिजे. कारण लघुशंकेसाठी गाडी कोठे थांबवावी हा प्रश्न त्यांना प्रत्येक मुक्कामी छळत असतो.

आता टायरविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा असावी, कारण उन्हाळ्यात टायर फुटून झालेले अपघात मी फार पाहिले आणि त्यांविषयीचा गैरसमजही फार पाहिला. बाहेरच्या उन्हाने आतली हवा फुगते आणि टायर फुटतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि तिच्यापायी कित्येक चालक भर दुपारी थोडी हवा सोडून देतात. वस्तुस्थिती बहुतांशी उलट आहे. हवा कमी असली किंवा बोजा जास्त झाला, की टायरची बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. या अविरत दबण्या-सुटण्यातून जी उष्णता निर्माण होते, ती रबर आणि आतील धागे यांची पकड सैल करते, आणि तापलेला रस्ता त्या उष्णतेला बाहेर पडू देत नाही. म्हणजे दुपारी हवा सोडणारा चालक ज्या संकटाला भितो त्यालाच निमंत्रण देतो. हवा पहाटे, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी आणि नंतर तिला हात लावू नये. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जसा टप्प्याटप्प्याने खुला झाला, तसे या दंडकाचे महत्त्व लोकांना पटू लागले. कारण तेथे वळणे थोडी, चढउतार थोडा, वेग अखंड, आणि टायरला किंवा डोळ्याला विसावा असा नाहीच.

ब्रेकचीही गोष्ट उष्णतेचीच आहे. उतारावर डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे, प्रसंगी इंजिनच बंद करणे, ही खोड आपल्या या पुण्यनगरीने कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर रक्त सांडून पाहिली आहे. इंजिनाचा रोध नाहीसा झाला, की सर्व भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात; इंजिन बंद असेल, तर ब्रेकला लागणारी हवाही भरली जात नाही.

चालकाच्या श्रमांविषयी कायदा मूक आहे काय? नाही. संसदेने १९६१ साली मोटार परिवहन कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला: दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, लांब पल्ल्यावर फार तर दहा आणि चोपन्न, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ९१व्या कलमाने हीच मर्यादा मालवाहू गाडीच्या चालकाला लावली. पुढे १९६१चा तो कायदा २०२०च्या कामगारसंहितेत विलीन झाला, तरी आठ तासांचे तत्त्व टिकून आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असाही नियम झाला, आणि मी त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र त्यापूर्वीच्या लक्षावधी गाड्या अजून कितीतरी वर्षे रस्त्यावर राहणार आहेत.

अंमलबजावणीकडे पाहिले, म्हणजे मन विषण्ण होते. ज्यादा भरलेल्या गाडीला वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक ज्यादा टनामागे दोन हजार, इतका दंड आहे. त्यासाठी नाक्यानाक्यावर काटा आहे. चालकाचे तास मोजणारा काटा मी माझ्या उभ्या नोकरीत कोठे पाहिला नाही. मालाच्या वाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाचा हिशेब पाहा: साधारण मालासाठी दर दोनशे किलोमीटरांना एक दिवसाची मुदत आहे, म्हणजे नागपूरहून मुंबईस निघालेल्या मालाला सरकार चार दिवस देते. सरकारी कागद चार दिवस देत असता तीच गाडी दुसऱ्या सकाळी दारात हवी, असा हट्ट धरणारा मालक किंवा व्यापारी कोणत्या अधिकाराने तो धरतो?

आणि आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६१च्या कायद्यात कामाचे तास कशाला म्हणावे याची व्याख्या होती. तीत गाडी धावत असतानाचे काम धरले होते, जोडकाम धरले होते, आणि अखेरच्या ठाण्यावरची नुसती हजेरी धरली होती, पण ती पंधरा मिनिटांहून कमी असेल तर. त्याहून दीर्घ हजेरीचा तेथे उल्लेख नव्हता. व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बसचा थांबा असावा, जेथे कामगार काही वेळ मोकळा होतो. मालमोटारीचा चालक रांगेत मोकळा नसतो. बाजार समितीच्या फाटकाबाहेर, गोदामापुढे, बंदराच्या वाटेवर तो सहा-सहा तास केबिनमध्ये बसून राहतो; रांग चार हात सरकली, की त्यालाही सरकावे लागते, म्हणून झोप नाही; माल अंगावर आहे, म्हणून गाडी सोडून सावलीत जाता येत नाही; गाडी उभी, म्हणून वारा नाही. मग फाटक उघडते, माल उतरतो किंवा भरला जातो, आणि ज्याचे हे तास कायद्याच्या हिशेबात स्पष्ट धरलेलेच नाहीत, असा तो मनुष्य आंबलेल्या देहाने पुढच्या प्रवासास निघतो. माझ्या त्या कोळशाच्या गाडीचा चालक असाच निघाला होता.

लासलगावचा कांदा गाडीत भरताना त्याला वारा लागेल अशी तजवीज असते. देवगडचा आंबा उन्हाने उतू नये म्हणून रात्रीच वाशीकडे धाव घेतो. मालाची ही काळजी योग्यच आहे, आणि ती घेणारी माणसे निर्दय नाहीत. त्यांपैकी काही या सभेत बसली असतील; त्यांना माझी विनंती आहे. आपल्या गोदामापुढे ताडपत्रीची सावली, पाण्याचा रांजण आणि स्वच्छ शौचकूप, एवढे तर कराच; बारा ते चार या वेळात गाडी निघालीच पाहिजे असा तगादा लावू नका. आणि माल पोहोचल्याची जी पावती आपण देता, जीवर पोत्यांची संख्या आणि वजन लिहिण्याचा शिरस्ता आहे, तीवर आणखी दोन रकाने आखून घ्या: गाडी फाटकाशी किती वाजता आली, आणि मोकळी किती वाजता झाली. त्या दोन आकड्यांखाली चालकाची सही घ्या आणि एक प्रत त्याच्या हाती द्या.