कालव्यावरचे घर : अरुंद नावेतील संसार आणि प्रवास



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते, आणि ती फारशी चुकीची नाही. आज मात्र आम्ही विषय घेतला आहे तो इंग्लंडमधील कालव्यांवर नावेत संसार कसा करावा आणि प्रवास कसा करावा, हा. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाचे, पुतणे तिकडे नोकरीस आहेत. घरभाडे परवडत नाही, तेव्हा नावेवर राहावे काय, असा प्रश्न त्यांतील काहींना पडतो. आमच्या संघटनेत पूर्वी काम केलेला एक फिटर सध्या तिकडे अशाच नावेवर राहतो. त्याच्याकडे आम्ही गेल्या ऑक्टोबरात तीन आठवडे मुक्काम केला, दारे ढकलली, कोळसा वाहिला, आणि उरलेले पुस्तकांतून मिळविले. आम्हांला शाळा मिळाली ती अशीच.

प्रथम नावेचे माप. या नावांना 'नॅरोबोट', म्हणजे अरुंद नाव, असे म्हणतात. रुंदी जेमतेम ७ फूट, आणि लांबी जास्तीत जास्त ७२ फूट. हे माप पाण्याच्या हिशोबातून आले आहे. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कालवा वर्स्लीच्या खाणींपासून मँचेस्टरकडे वाहू लागला आणि त्या शहरातील कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्या कामावरचा जेम्स ब्रिंडले हा मूळचा गिरणीची यंत्रे बसविणारा कारागीर. लिहिणेवाचणे बेताचेच, पण पाणी कोठे चढेल आणि कोठे गळेल हे त्याला डोळ्यांनी दिसे. पुढे १७६६ साली ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यास प्रारंभ झाला, तेव्हा टेकडी चढविण्यासाठी त्याने अरुंद 'लॉक' बांधण्याचे ठरविले. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. पुढेमागे दारे असलेला हौद. तो भरला की नाव वर चढते, रिकामा केला की खाली उतरते. एका अरुंद लॉकला एका वेळेस सुमारे एक लाख लिटर पाणी लागते, आणि ते डोंगरमाथ्यावरच्या तलावातून येते. लॉक रुंद केला तर खर्च दुप्पट आणि पाणीही दुप्पट. म्हणून नाव अरुंद, आणि म्हणून आजही तिच्यातले घर अरुंद.

या नावांवर पूर्वी हौसेने कोणी राहत नसे. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, तेव्हा नावाड्यांनी जमिनीवरचे भाड्याचे घर सोडले आणि बायकामुलांना नावेवर आणले. भाडे वाचले आणि बिनपगारी हातही मिळाले. नाव भरायची मालाने. माणसांना राहायला मागच्या टोकाची खोली, लांबी सुमारे १० फूट आणि रुंदी ७ फुटांहून कमी. आमच्या गिरणगावातील दहा बाय बाराची खोली तिच्यापुढे ऐसपैस म्हणावी! त्यातच चूल, बिछाना, कपाट आणि चारपाच मुले. १८७७ आणि १८८४ साली पार्लमेंटने कायदे करून अशा नावांची नोंदणी आणि तपासणी सुरू केली. पण मजुरी खेपेवर, आणि माल चढेपर्यंत किंवा बर्फ वितळेपर्यंत जे दिवस जात ते नावाड्याच्या डोक्यावर.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या वाहतूक कंपनीने मजुरीत कपात जाहीर केली. नॉर्थॅम्प्टनशायरमधील ब्राउन्स्टन या गावी नावाड्यांनी आपल्या नावा बांधून ठेवल्या. संप सुमारे चौदा आठवडे चालला. त्या मुदतीत नावाड्यांची मुले गावच्या शाळेत बसली. नाव एका जागी थांबली म्हणून! यातील मर्म ध्यानात घ्या. नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच मालकाच्या हातात होती. संप करणारा माणूस नुसता रोजगार पणाला लावीत नव्हता, चूल आणि अंथरूणही पणाला लावीत होता.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते आठवडेच्या आठवडे गोठले, माल लॉरीवर गेला तो बव्हंशी परत आलाच नाही. तरी कालवे बुजले नाहीत. १९४६ साली स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी फावडी घेऊन गाळ काढला, मोडकी दारे बदलली. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैल जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. त्यांवर आज सुमारे ३५,००० नावा आहेत. काही सुटीपुरत्या, पण हजारो माणसांचे त्या एकमेव घर आहेत.

आता व्यवहाराकडे वळू.

नाव घेण्यापूर्वी तिचा तळ पाण्याबाहेर काढून पाहावा. बाहेरचा रंग कोणीही देतो. तळाचा पत्रा किती जाड उरला आहे हे जाणत्याकडून मोजून घ्यावे. दर दोनतीन वर्षांनी तळाला काळा लेप द्यावा लागतो, तो खर्च आधीच बाजूला ठेवावा. कागद तीन: ट्रस्टचा परवाना, विमा, आणि दर चार वर्षांनी नवा घ्यावा लागणारा सुरक्षिततेचा दाखला. लांबी साधारण ५७ फुटांपर्यंत ठेवावी. त्याहून लांब नाव उत्तरेकडच्या काही लॉकांत मावत नाही.

शहरातल्या घरात पाणी, वीज, ऊब आणि मैला या चार गोष्टी भिंतीआडून येतात आणि भिंतीआड जातात. नावेवर या चारही स्वतःच्या हाताने वाहाव्या लागतात. पाण्याची टाकी काठावरच्या नळावर भरायची. थंडीत नळच गोठतात, म्हणून गारठ्याची बातमी येताच टाकी भरून घ्यावी. वीज १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. त्या इंजिन चालवून किंवा छतावरच्या सौर पट्ट्यांनी भरायच्या. पण डिसेंबरात सूर्य नावालाच असतो. रात्री ८ पासून सकाळी ८ पर्यंत वस्तीजवळ बांधलेल्या नावेचे इंजिन चालवू नये असा नियम आहे. शेजारी पत्र्याच्या भिंतीपलीकडे झोपलेला असतो. संडासाची पेटी ठरलेल्या जागी नेऊनच रिकामी करायची, कालव्यात कदापि नाही. हे काम पाहुण्यानेही एकदा करावे. सफाई कामगाराच्या पगारावर मग तो हुज्जत घालणार नाही.

ऊब शेगडीची. येथे आम्ही हात जोडून सांगतो, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवा आणि त्याची कळ दाबून नेहमी तपासा. त्या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. २०१९ पासून सुरक्षिततेच्या तपासणीत हे यंत्र सक्तीचे आहे. खोलीतल्या झरोक्यांत थंडीला भिऊन चिंध्या कोंबू नयेत, आणि विझल्यासारखी दिसणारी राख रात्री आत ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवतात त्याची बाहेर उघडणारी भोके मोकळी ठेवावीत.

प्रवासाचे म्हणाल तर घाई असलेल्याने आगगाडीने जावे. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू. नाही तर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात आणि कोणाच्या तरी चुलीवरचा चहा सांडतो. वेळेचा हिशोब जुन्या लोकांनी सोपा करून ठेवला आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तीनने भागा, तितके तास. १२ मैल आणि ९ लॉक म्हणजे सात तासांचा दिवस. समोरून नाव आली तर आपण उजवीकडे व्हावे. रस्त्याची सवय येथे विसरायची. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळते. नाव मध्यावर फिरते, म्हणून नाकाबरोबर शेपटीकडेही लक्ष हवे. नावेला ब्रेक नसतो. पंधरावीस टनांचे ते धूड पायाने किंवा हाताने थोपवायला जाऊ नये. पत्र्याला पडलेला पोचा काढता येतो, चिरडलेला पाय नीट होत नाही.

पंख्यात चिंधी किंवा प्लॅस्टिक अडकले तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, मगच मागचे झाकण उघडून हात घालावा. काम झाल्यावर झाकण घट्ट बसले आहे याची दोनदा खात्री करावी. ते सैल राहिले तर पंख्यानेच उडविलेल्या पाण्याने नाव बुडते.

लॉकमध्ये सर्वांत मोठा धोका खाली उतरताना. वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरू लागले की तो उघडा पडतो. नावेचा मागचा भाग त्यावर टेकला तर नाक खाली जाते आणि दोनचार मिनिटांत घर तळाशी. भिंतीवर खूण केलेली असते. तिच्या पुढे राहावे, आणि दोर कोठेही घट्ट बांधू नये. झडपा उघडणाऱ्याने लोखंडी हँडल हातात ठेवून नावेवर नजर ठेवावी. काही बिघडले की आधी झडपा बंद, बोलणे नंतर. हँडल दांड्यावर लावून सोडून देऊ नये. झडप सुटली की ते गरगर फिरून दात पाडते. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डबिग येथे ओळीने ३० लॉक आहेत. तेथे जोडीदाराशिवाय जाऊ नये, आणि भांडण आदल्या रात्रीच मिटवावे.

आणखी एक रीत. लॉक समोरच्या नावेच्या सोयीचा भरलेला असेल, आणि ती येताना दिसत असेल, तर तिला आधी जाऊ द्यावे. यात सभ्यता आहेच, पण एक लाख लिटर पाणीही वाचते. निघताना दारे व झडपा बंद कराव्यात. एकाच्या आळसाने वरचा सारा टप्पा रात्रीत कोरडा पडतो आणि दहा नावा चिखलात बसतात. २०२५ च्या उन्हाळ्यात तलाव आटल्यामुळे अनेक ठिकाणचे लॉक बंद ठेवावे लागले. पाणी सामाईक असते तेथे एकट्याची उधळपट्टी ही सगळ्यांची चोरी ठरते.

आता मुख्य प्रश्न. कायमची बांधायची जागा भाड्याने घेतली तर स्वस्ताई बरीचशी संपते. ती नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे नाव खरोखरीच प्रवासात असली पाहिजे, एका जागी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. ज्याची नोकरी एका गावात, मूल एका शाळेत, त्याने किती दूर जावे? वाद येथेच होतो. परवाना गेला तर नाव पाण्यावरून हलविली जाऊ शकते, आणि नाव म्हणजे घर. आमचा सल्ला संघटनेच्या माणसाचा आहे: सगळे लेखी ठेवा. कोणत्या तारखेस कोठे होता याची वही ठेवा. आजारपण, इंजिनाचा बिघाड, बर्फ अशी वाजवी अडचण असेल तर कायदा अधिक मुदत मान्य करतो. पण ती मुदत संपण्यापूर्वी कळवून मागा. डॉक्टरकडे नाव नोंदविण्यास पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदारयादीसाठी स्थानिक संबंधाचे निवेदन भरता येते. पत्ता नाही म्हणून हक्क नाही, असे कोणी सांगितले तर निमूटपणे परत फिरू नका.

एप्रिल २०२४ पासून कायम जागा नसलेल्या नावांच्या परवान्यावर ट्रस्टने अधिभार बसविला. फिरत्या नावाड्यांच्या संघटनेने त्याला विरोध केला. ट्रस्टचे म्हणणे, दोनशे वर्षांपूर्वीचे बांधकाम सांभाळायचे आहे आणि २०२७ नंतर सरकारी अनुदान कमी होणार आहे. नावाड्याचे म्हणणे, मी घरभाडे परवडत नाही म्हणून येथे आलो. हिशोब दोघांचेही खरे आहेत. पण आमच्या मते ज्याला दुसरे घर नाही त्याच्यावर ज्यादा भार टाकणे हा तुटीवरचा न्याय्य उपाय नव्हे. काठावरून फिरणारे, मासे धरणारे, काठावर इमले बांधून नफा कमावणारे, सगळे त्याच पाण्याचा लाभ घेतात. त्याचबरोबर नावाड्यालाही आम्ही सांगू, की जो नियम मोडून महिनोन् महिने एका जागी बसतो, तो आपल्याच बांधवांच्या हक्काखालची जमीन उकरतो.

तेव्हा कोणी आपल्याला विचारले, नावेवर राहू काय, तर आपण म्हणावे, अवश्य राहा. पण ते घर फुकट आहे अशा समजुतीने जाऊ नका. पैशांत जे वाचते ते हातांनी, पाठीने आणि शिस्तीने भरावे लागते. ती तयारी असेल तर सात फुटांत संसार होतो, चांगला होतो. आणि एकटे राहू नका. शेजारच्या नावेशी ओळख करा, तिचा दोर सुटला तर बांधा, त्यांच्या सभेला जा. पूर्वीच्या नावाड्यांना चौदा आठवडे तग धरता आला तो नावा एकमेकींशेजारी बांधल्या होत्या म्हणून.