जूनचा खर्च, बारा महिन्यांची तयारी

जून उजाडला की वह्या, दप्तर, गणवेश, बूट, छत्री असे सगळे खर्च एकदमच दारात उभे राहतात. शेतकऱ्याच्या घरी तर याच महिन्यात बियाणे आणि खतही घ्यायचे असते. मग उसनवारी होते, नाही तर दागिना गहाण पडतो. पण हा खर्च काही अवचित आलेला पाहुणा नाही. तो कधी येणार, हे आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असते.

म्हणून यंदाचा प्रत्येक खर्च एका वहीत मांडून ठेवा. समजा, बेरीज १२ हजार झाली, तर दरमहा एक हजाराची आवर्ती ठेव बँकेत लगेच सुरू करा. ज्यांचा पैसा सुगीलाच येतो, त्यांनी सोयाबीन-कापूस विकल्यावर ही रक्कम आधी बाजूला काढावी.

खरेदीला निघण्यापूर्वी घरातले सामान तपासा. जुन्या वह्यांतली कोरी पाने शिवली की सरावाची वही होते. दप्तराची चेन बदलून मिळते. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, ती विकत घेऊ नका. पुढच्या वर्गांसाठी जुनी पुस्तके घेताना अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढे पाहा. बूट मात्र मापाचेच घ्या; तिथे काटकसर नको.

आणि या हिशेबाला मुलांनाही बसवा. ज्याने स्वतः बेरीज मांडली, त्याला जुने दप्तर पाठीवर घेताना कमीपणा वाटत नाही.