गोड पाणी आणि निर्धोक पाणी



हरिहरेश्वराला आपल्यापैकी पुष्कळजण दर्शनास गेले असतील. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सावित्रीची खाडी आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. अशा गावी पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाणी गोड आहे ना? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. गोड पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम गोडपणा पाहू. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर ते एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट असते, असा हिशेब घायबेन व हर्झबर्ग यांनी मांडला. आता त्याची उलट बाजू पाहा. उपशाने वरची पातळी फूटभर उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर चढू पाहते! कोकणात पाऊस मुबलक, पण चार महिन्यांचा. त्यातला पुष्कळसा उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात पातळी खालावलेली, आणि नेमकी तेव्हाच यात्रेकरूंची गर्दी. किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात त्या अशा.

तरीही खारेपणा हा उघड शत्रू आहे. तो जिभेला कळतो. रोगजंतू कळत नाहीत. शोषखड्डा विहिरीच्या फार जवळ असला, की रेताड किंवा भेगाळ जमिनीतून मैला पाझरतो, आणि पाणी मात्र थंड, नितळ, रुचकर लागते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याने पटकी पसरली. त्या पाण्याची चव आवडे म्हणून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा ते मुद्दाम मागवीत असे; पटकीने तिलाही गाठले. डॉ. जॉन स्नो यांनी ही हकीकत नोंदली आहे.

म्हणून उपायही दोन निरनिराळे आहेत. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. खिशातले टीडीएस मीटर क्षारांचा अंदाज देते, जंतूंविषयी अवाक्षर बोलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळू नयेत, असे भारतीय मानक सांगते. त्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते. विहिरीत टाकावयाची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४,००० लिटर भरते, म्हणजे ३५ ग्रॅम पुरे. मात्र पावडर जुनी, हवा लागलेली नसावी आणि पाणी अर्धा तास तसेच राहू द्यावे.

महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. लाल म्हणजे धोका. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळणारी ही सावित्री महाडवरून येते. त्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हे जगाला दाखविले. ते पाणी निर्धोक असावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग होय. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून पाण्याचा अहवाल सर्वांसमक्ष वाचावयास सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.