डबा आपला, डोकं भाड्याचं

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे: ऑफिसातल्या राउटर, स्विच आणि फायरवॉलचं लायसन्स. पण घरच्या धंद्यात ‘काँप्युटरचं तेवढं तू बघ’ म्हणून हे काम ज्याच्या गळ्यात पडतं, तो बहुतेक तुमच्याच वयाचा असतो. म्हणून तुमच्याशीच बोलतो.

मी सोलापुरात नेटवर्कची कामं करतो. आपल्याकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत. तिथला मालक यंत्रमाग घेतो तेव्हा व्यवहार सरळ असतो. पैसे दिले, माग आपला. तेल, सुटे भाग, जॉबर हे आपण बघायचं. माग बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तरी धोटा पळायचा थांबत नाही. फायरवॉल घेतानाही मालक तोच हिशेब धरतो: डबा आणला, रॅकमध्ये बसवला, विषय संपला.

विषय तिथे संपत नाही ओ, तिथूनच सुरू होतो. डब्याची किंमत वेगळी आणि आतलं सॉफ्टवेअर वापरायची परवानगी वेगळी. डबा विकत मिळतो, डोकं बऱ्याचदा भाड्यानं. आणि भाडं थकलं की काय होतं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं, सिस्को मेराकी. हिची सगळी सूत्रं क्लाउडमधल्या डॅशबोर्डवर. हिच्या को-टर्मिनेशन पद्धतीत सगळ्या उपकरणांची मुदत एकाच तारखेला संपते. पुढे ३० दिवसांची सवलत. तेवढ्यात नूतनीकरण केलं नाही, तर उपकरणं नेटवर्कचं काम करायचीच थांबतात. डबा धडधाकट, वीज चालू, पण इंटरनेट बंद.

दुसरं, फोर्टिनेटची फोर्टिगेट फायरवॉल. हिचं वर्गणीचं लायसन्स संपलं तरी रूटिंग आणि फायरवॉलचे साधे नियम चालू राहतात. पण व्हायरस आणि हल्ल्यांच्या नव्या ओळखी यायच्या बंद होतात. हे जास्त फसवं. नेट चालतंय म्हणून कुणाला काही कळत नाही. दारावर रखवालदार उभा आहे, फक्त त्याच्याकडची चोरांची यादी जुनी झालेली.

तिसरं, मायक्रोटिक. लॅटव्हियाची कंपनी. राउटरसोबतच लायसन्स येतं आणि त्याला मुदत नसते. छोट्या धंद्याला हे परवडतं. पण मग काळजी आपण घ्यायची. २०१८ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं एक मोठी सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट फुकट दिलं. तरीही पुढे कित्येक महिने जगभरात लाखांहून जास्त राउटर तसेच राहिले आणि चोरांनी ते क्रिप्टो मायनिंगला जुंपले. म्हणजे लायसन्स फुकट असलं तरी देखभाल फुकट नसते.

मग कोणतं घ्यायचं? माझं मत विचाराल तर भाड्याचं डोकं वाईट नाही. अपडेट वेळेवर येतात, अडचणीत फोन करायला कुणीतरी असतं. वाईट आहे ते न विचारता घेणं. म्हणून कोटेशनवर सही व्हायच्या आधी तीन प्रश्न विचारा.

एक, लायसन्स संपल्यावर काय चालू राहील आणि काय बंद पडेल? उत्तर लेखी घ्या.

दोन, पाच वर्षांचा एकूण खर्च किती, जीएसटीसकट? पहिल्या वर्षाची सूट बघून भुलू नका. स्वस्त डबा पाच वर्षांत महाग पडू शकतो.

तीन, अकाउंट कुणाच्या ईमेलवर आहे? बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर त्याच्याशी बिनसल्यावर आपल्याच नेटवर्कची किल्ली त्याच्याकडे. धंद्याच्या नावाचा ईमेल काढा आणि त्यावरच नोंदणी करा. सेकंडहँड घेतानाही हेच बघा. मेराकीचा डबा जुन्या मालकानं स्वतःच्या अकाउंटमधून सोडला नसेल, तर तो तुमच्या अकाउंटमध्ये घेताच येत नाही.

आणि एखादा मित्र म्हणतोच, ‘कशाला पैसे घालवतो बे, क्रॅक मारून देतो.’ त्याला सांगा, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. धंद्यासाठी वापरलीत तर ती सवलत नाही. शिवाय ज्या डब्यातून बँकेचे पासवर्ड आणि ग्राहकांची बिलं जातात, त्यात कुणीतरी अनोळखी माणसानं फोडलेलं सॉफ्टवेअर घालायचं, हे पटतं का तुम्हाला?

उद्या कामावर गेलात की एवढं करा. प्रत्येक डब्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. लायसन्स कधी संपतंय ते शोधा आणि त्याच्या ९० दिवस आधीचं रिमाइंडर मोबाईलमध्ये लावा. दोन रिमाइंडर लावा, एक तुमच्या फोनवर आणि एक मालकाच्या. तुम्ही नोकरी बदलाल, तारीख बदलणार नाही.

भेटू पुढच्या भागात.